राजा दीनदयाळ : उमरावांच्या दिवाणखान्यात गेलेला कॅमेरा

निजामाच्या हैदराबादवरचं कुठलंही सचित्र पुस्तक उघडा. सहावे निजाम मीर महबूब अली खान शिकारीच्या पोशाखात बसलेत, पुढ्यात वाघ पडलाय. पुढच्या पानावर झुंबरांनी भरलेला दिवाणखाना, त्यात माणूस एकही नाही. आणखी एका पानावर कमरेला तलवार लावलेला कुणी जहागीरदार. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात नीट पाहिलं तर बारीक अक्षरांत एक नाव आणि एक आकडा सापडतो. नाव असतं लाला दीनदयाळ. आकडा असतो त्या काचेचा, म्हणजे निगेटिव्हचा.

आपल्या आदिलाबादकरांचा या माणसाशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध सरळ आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या मुलखात होतो. दीनदयाळांच्या काळात आपल्या भागाची ओळख सिरपूर-तांदूर अशी होती. इथल्या शेतसाऱ्याचा, जंगलाचा, जहागिरींचा निर्णय ज्या देवड्यांत आणि महालांत होत असे, त्या आज बहुतेक जमीनदोस्त झाल्या आहेत. त्या आतून कशा होत्या हे बघायचं तर दीनदयाळांच्या काचांवाचून दुसरा मार्ग फारसा नाही. म्हणून हा लेख.

उमरावांचा हा फोटोग्राफर जन्माने उमराव नव्हता. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सरधना म्हणजे बेगम समरूचं गाव. घरात कुणाला जहागीर नव्हती. मुलगा हुशार, म्हणून रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात गेला आणि १८६६ साली तिथून बाहेर पडला. (गंमत म्हणजे महबूब अली खानांचा जन्मही १८६६ चाच. पुढे ज्याच्या दरबारात मान मिळवायचा, तो धनी तेव्हा पाळण्यात होता.) नोकरी लागली इंदूरला, सार्वजनिक बांधकाम खात्यात. काम होतं नकाशे काढण्याचं आणि खर्चाचे अंदाज बांधण्याचं. ही नकाशानवीसी लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा धागा लागणार आहे.

इंदुरात होळकरांचं राज्य. दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते, आणि मध्य हिंदुस्थानच्या इंग्रजी एजन्सीचं ठाणंही तिथेच. १८७४ च्या सुमारास दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला. त्या वेळचे गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डॅली, ज्यांच्या नावाचं डॅली कॉलेज आजही इंदुरात आहे, त्यांनी या हिंदी नकाशानवीसाला हात दिला. तुकोजीरावांनीही उत्तेजन दिलं. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, तेव्हा इंदूरच्या भेटीचे फोटो काढण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. म्हणजे हैदराबादच्या या नामांकित फोटोग्राफरच्या धंद्याची पायाभरणी एका मराठी संस्थानात झाली, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

फोटो काढणं तेव्हा सोपं काम नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायचा. जिथे कॅमेरा जाई तिथे तंबू, बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या आणि त्या वाहणारी माणसं जात. पुढे कोरड्या काचा तयार मिळू लागल्या आणि सुटका झाली. तरी काच ती काचच. आजच्यासारखं छोट्या निगेटिव्हवरून मोठं चित्र करण्याची रीत तेव्हा सर्रास नव्हती. जेवढा फोटो हवा तेवढी काच. दहा-बारा इंचांची काच घोड्यावर, बैलगाडीत घालून न फुटता आणायची. तिच्याखाली अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद ठेवायचा, उन्हात धरायचा, आणि मग तो सोन्याच्या क्षारात धुवायचा. जुन्या फोटोंचा तो तांबूस-जांभळट रंग त्यातून येतो. पुष्कळ लोक त्याला नुसतं 'पिवळं पडलंय' म्हणतात. पिवळेपणा वयाचा असतो, खालचा तांबूस रंग मात्र मूळचाच.

१८८२-८३ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ मध्य हिंदुस्थान आणि बुंदेलखंड हिंडले. त्या दौऱ्यातल्या वास्तूंच्या फोटोंचं पुस्तक १८८६ साली निघालं. नाव ग्रिफिनसाहेबांचं, चित्रं दीनदयाळांची. १८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपला फोटोग्राफर नेमलं. त्याच सुमारास हैदराबादची दारं उघडली, आणि सरकारी नोकरी मागे पडली. सिकंदराबादला १८८६ च्या आसपास स्टुडिओ सुरू झाला. इंदूरची शाखा होतीच, १८९६ मध्ये मुंबईचीही सुरू झाली. महबूब अली खानांनी त्यांना दरबारचा फोटोग्राफर केलं आणि 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार, चित्र उतरवणारा. लढाईतल्या माणसाला जो 'जंग' लावायचा तो कॅमेरेवाल्याला लावला. निजामाने त्यांच्या कलेवर शेरही रचला, तो हैदराबादेत अजून सांगतात. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाचा परवानाही आला. सरधन्याचे लाला अशा रीतीने राजा झाले.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचं कोडं इथेच आहे. फोटोग्राफर तेव्हा हिंदुस्थानात कमी नव्हते. कलकत्त्याची बोर्न अँड शेफर्ड होती, मुंबई-मद्रासेत गोऱ्यांचे मोठे स्टुडिओ होते. मग निजामाच्या आणि त्याच्या उमरावांच्या घरात शिरकाव झाला तो दीनदयाळांचाच का? एक कारण, त्यांना दोन्हीकडची भाषा येत होती. साहेबाशी इंजिनिअर म्हणून बोलायचं, नवाबाशी उत्तर हिंदुस्थानी अदबीने. दुसरं कारण त्यांचं जुनं काम. नकाशे काढणाऱ्याला खोली कशी बघायची ते कळतं.

हे जरा उलगडून सांगतो. माणसाचा फोटो काढायला उजेड आणि धीर लागतो. खोलीचा फोटो काढायला त्याच्यापेक्षा बरंच जास्त लागतं. देवडीच्या दिवाणखान्यात उजेड खिडक्यांतून येणार, म्हणजे खिडक्या लखलखीत पांढऱ्या आणि कोपरे काळेकुट्ट. काच पुरेशी उजळायला कॅमेऱ्याचं तोंड कितीतरी वेळ उघडं ठेवावं लागे. भिंतीवर माणूसभर उंचीचे आरसे, त्यात कॅमेरा आणि काळं फडकं डोक्यावर घेतलेला माणूस दिसणार. झुंबराचे लोलक वाऱ्याने हलले की त्यांची नुसती धूसर रेघ उमटायची. पंखा ओढणारा थांबवावा लागे. आणि कॅमेरा थोडा जरी वर कललेला असला तर खांब आतल्या बाजूला पडल्यासारखे दिसतात. दीनदयाळांच्या खोल्यांत खांब सरळ उभे आहेत, फरशीच्या रेघा जिथे मिळायला हव्यात तिथेच मिळतात. कॅमेरा बहुधा एका कोपऱ्याकडून किंवा अगदी मध्यरेषेवरून लावलेला, आणि उंचीही विचार करून ठरवलेली. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेलं प्रमाण ते हेच.

त्या खोल्या रिकाम्या का असतात याचं अर्ध उत्तरही यातच आहे. इतका वेळ निश्चल बसणार कोण? पण उरलेलं अर्ध उत्तर मालकाच्या मनात आहे. त्याला खोलीच दाखवायची होती. कोच, संगमरवरी मेजं, घड्याळं, युरोपातून आलेले पुतळे, एकावर एक गालिचे. आजकाल नवं घर बांधलं की हॉलचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे अल्बम चामड्याच्या बांधणीत यायचा आणि रेसिडेंटसाहेबाच्या, व्हाइसरॉयच्या टेबलावर जायचा. आम्ही तुमच्याइतकेच आधुनिक आहोत, हे सांगण्याचं ते साधन होतं.

तीन घरांचं उदाहरण घेऊ.

पहिलं बशीरबाग. सर आस्मान जाह हे पायगा घराण्यातले मोठे उमराव, काही वर्षं निजामाचे दिवाण. त्यांचा बशीरबाग महाल दीनदयाळांनी बाहेरून आणि आतून टिपला. आज हैदराबादेत बशीरबाग हे चौकाचं आणि वस्तीचं नाव आहे. बसचा कंडक्टर ते नाव ओरडतो, महाल मात्र नाही. त्या दिवाणखान्याची मांडणी कशी होती हे आपल्याला कळतं ते त्या फोटोंवरून.

दुसरं घर सालारजंगांची दिवाण देवडी. पहिले सालारजंग १८८३ साली वारले. देवडी अनेक चौकांची, मुशीच्या काठाजवळ. तिच्यातला चिनीखाना दीनदयाळांच्या फोटोत आहे. ती खोली बघण्यासारखी आहे. भिंतींवर चिनी मातीच्या बशा, पेले, तबकड्या अशा जडवलेल्या की रिकामी जागा शोधावी लागते. नुसतं वर्णन वाचून हे पटलं नसतं. तिसऱ्या सालारजंगांच्या निधनानंतर त्यांच्या संग्रहाचं म्युझियम १९५१ साली याच देवडीत सुरू झालं आणि १९६८ मध्ये आजच्या इमारतीत हललं. म्हणजे आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांपैकी ज्यांनी लहानपणी 'सालारजंग' पाहिलं, त्यांनी ते देवडीतच पाहिलं असणार. नंतर देवडी पाडली गेली. दारापाशीचे काही अवशेष सोडले तर तिथे आता दुकानं आहेत. वस्तू म्युझियममध्ये सुरक्षित आहेत. पण कोणती वस्तू कोणत्या खोलीत, कशाच्या शेजारी, किती उंचीवर होती, हे म्युझियमचं कपाट सांगू शकत नाही. फोटो सांगतो.

तिसरं घर फलकनुमा, आणि ते टिकलं. सर विकार-उल-उमरांनी १८८४ मध्ये पाया घातला, बांधकाम नऊ-दहा वर्षं चाललं, आणि १८९७ च्या सुमारास महाल निजामाकडे गेला. एकशे एक पाहुण्यांचं जेवणाचं टेबल तिथलंच. २०१० पासून तिथे पंचतारांकित हॉटेल आहे. डागडुजी करताना जुनी खोली कशी होती ते ठरवायचं तर जुनं चित्र लागतं. दीनदयाळांच्या फोटोंची किंमत अशा वेळी कळते. जो महाल टिकला तो या फोटोंशी ताडून बघता येतो, आणि ताडून पाहिल्यावर जे महाल गेले त्यांच्या फोटोंवरही विश्वास बसतो.

आता माणसांच्या तसबिरींकडे वळू. इथे माझं मत जरा वेगळं पडतं. दीनदयाळांचे दरबारी पोर्ट्रेट अप्रतिम आहेत हे सगळेच म्हणतात, आणि कारागिरी तशी आहेच. उजेड बाजूने घेतलेला, शेरवानीचं कापड हाताला लागावं इतकं स्पष्ट, दस्ताराची घडी न घडी मोजता यावी. पण ही चित्रं गिऱ्हाइकाच्या मर्जीची आहेत. काचेवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवता येत, कागदावर रंग भरता येत. मागे रंगवलेला पडदा, शेजारी ठरलेली खुर्ची, कोरीव मेज, मान हलू नये म्हणून पाठीमागे लपवलेला लोखंडी टेकू. एकच खुर्ची निरनिराळ्या साहेबांच्या, नवाबांच्या फोटोंत सापडते. इतिहास शोधणाऱ्याने तसबिरीतून पोशाख, दागिने, हत्यारं, बसण्याची रीत जरूर वाचावी. माणसाचा स्वभाव मात्र वाचू नये. तो स्टुडिओत येताना घरी ठेवून आलेला असतो.

शिकारीचे फोटो त्याहून नाटकी. १९०२ साली लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात आले, तेव्हा वरंगळकडच्या नेकोंड्याच्या रानात वाघाची शिकार झाली. लॉर्ड आणि लेडी कर्झन मेलेल्या वाघामागे उभे आहेत, तो फोटो जगभर छापला गेला. दीनदयाळांच्या स्टुडिओचाच तो. हाकारे देणाऱ्या माणसांनी दिवसचे दिवस रान उठवलं, त्यांतला एकही त्या चित्राच्या मध्यभागी नाही. आपल्या जंगलाच्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

स्टुडिओच्या एका विभागाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. हैदराबादच्या मोठ्या घरांत पडदा कडक. घरची पुरुष माणसं फोटो काढून घेत, पण बायकांनी परपुरुषासमोर बसायचं कसं? १८९२ मध्ये दीनदयाळांनी जनाना स्टुडिओ काढला, फक्त बायकांसाठी. तो चालवायला केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई ठेवल्या. कॅमेरा बाईचा, मदतनीस बाया, भोवती उंच भिंती. आज हे ऐकायला साधं वाटतं. पण १८९२ साली एका खानदानी बेगमेला तिच्या स्वतःच्या इच्छेने, तिच्या अटींवर, तसबीर काढून घेता येणं ही लहान गोष्ट नव्हती. ते फोटो चारचौघांत फिरवण्यासाठी नव्हतेच. ते पेटीत, कपाटात, घरातच राहायचे. धंद्याचं डोकं म्हणून बघा किंवा गिऱ्हाइकाच्या रिवाजाचा मान म्हणून बघा, दीनदयाळांनी दोन्ही साधलं. तोवर शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या कामाला बक्षीस मिळण्याइतकं नाव झालं होतं.

एवढा पसारा एका माणसाच्या हातून होत नाही. मुलगे ज्ञानचंद आणि धरमचंद दोघेही कामात होते, शिवाय पगारी फोटोग्राफर, छपाई करणारे, पेन्सिल फिरवणारे, रंग भरणारे. म्हणून 'दीनदयाळ' हे नाव एका माणसाचं तितकंच एका कारखान्याचं आहे. कोपऱ्यातल्या सहीवरून बटण दीनदयाळांनीच दाबलं असं समजू नये. (बटण म्हणतो खरा, पण तेव्हा भिंगावरचं झाकण काढायचं आणि घालायचं.)

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. दिवाणखान्यातली झुंबरं कुणाच्या पैशाने आली? पायगा घराण्यांच्या, सालारजंगांच्या, इतर उमरावांच्या जहागिरी म्हणजे शेकडो गावं. त्या गावांचा सारा त्यांच्याकडे जाई. तेलंगणातली, मराठवाड्यातली, कर्नाटकातली ती गावं दीनदयाळांच्या त्या फोटोंत आहेत, फक्त दिसत नाहीत. गालिच्याच्या प्रत्येक वीतभर तुकड्यामागे कुठली तरी ज्वारी आणि कापूस आहे. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही, फोटो वाचण्याची एक पद्धत म्हणून लिहितो.

आणि एकदा ती गावं खरोखरच कॅमेऱ्यापुढे आली. १८९९-१९०० चा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ चा म्हणून ज्याला छपन्निया म्हणतात तो. औरंगाबादच्या बाजूला तो भयंकर होता. निजाम सरकारने दुष्काळी कामं काढली, अनाथ-अपंगांसाठी आसरे उघडले, आणि त्या मदतकार्याचे फोटो दीनदयाळांच्या स्टुडिओकडून काढून घेतले. हेतू उघड आहे, सरकार काय करतंय हे दाखवायचं. म्हणून माणसं रांगेत, शिस्तीत बसवलेली आहेत, अधिकारी बाजूला उभे. पण काच निवड करत नाही. रांग सरकारने लावली, बरगड्या मात्र तिथे होत्याच, त्या उमटल्या. ज्या कॅमेऱ्याने बशीरबागेचे आरसे टिपले, त्यानेच आपल्या मराठी मुलखातली ही माणसंही टिपली. एल्लोरा, दौलताबाद, बीबी का मकबरा यांचे त्यांचे फोटो लोक आवडीने बघतात. त्याच जिल्ह्यातले हे फोटो बाजूला ठेवून बघितले पाहिजेत.

आदिलाबादच्या बाबतीत मात्र आपल्याला चाळीस वर्षं पुढे यावं लागतं. दीनदयाळांच्या काळात आपल्याकडे रेल्वे नव्हती, काझीपेट-बल्लारशा मार्ग पुरा झाला तो ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. काचांच्या पेट्या घेऊन सह्याद्रीच्या या टोकाला, गोंडांच्या गुड्यांत यायचं दरबारी स्टुडिओला कारण नव्हतं. इथे कॅमेरा आणला तो जन्माने उमराव असलेल्या माणसाने. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ, १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेला, जुन्या ऑस्ट्रियन सरदार घराण्यातला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन पासपोर्टमुळे तो इंग्रजांच्या लेखी शत्रू देशाचा नागरिक ठरला. त्याच्यावर निजामाच्या राज्यातच राहण्याचं बंधन आलं. या कैदेचं त्याने सोनं केलं. आधी चेंचू, मग कोंडा रेड्डी, आणि मग आपल्याकडचे राजगोंड. जैनूरजवळच्या मार्लवाईला तो आणि त्याची बायको बेटी राहिले.

त्या काळी जोडेघाटची आठवण ताजी होती. १९४० साली कोमराम भीम मारला गेला होता आणि गोंडांच्या जमिनीचा प्रश्न निजाम सरकारला सोडवायचा होता. हायमेनडॉर्फने जमिनीच्या पट्ट्यांसाठी लिहिलं, मार्लवाईला शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली, गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत झाली, कारण इकडच्या गोंडांना मराठीचा सराव होता. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे त्याचं पुस्तक १९४८ चं. त्याच्या फोटोंत गुस्साडीचा मोरपिसांचा टोप आहे, दंडारीचे नाच आहेत, घरं, अंगणं, म्हातारी माणसं आहेत. हे फोटो आज लंडनच्या 'सोआस' या विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. बेटी १९८७ मध्ये हैदराबादेत वारली, तिची समाधी मार्लवाईला आहे. २०१६ ला जिल्हे फुटल्यावर मार्लवाई कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, पण आपल्यासाठी ते आदिलाबादच.

या दोघांना शेजारी ठेवण्यात अर्थ आहे. दीनदयाळांपुढे जो बसला तो पैसे देऊन बसला, आणि आपण कसे दिसावं हे त्याने ठरवलं. हायमेनडॉर्फपुढे जो उभा राहिला त्याला ती सोय नव्हती, अल्बमही त्याच्या घरी राहिला नाही. पण वर्षानुवर्षांच्या सहवासाने त्या चेहऱ्यांत एक मोकळेपणा आला आहे, तो नवाबांच्या चेहऱ्यांत नाही. कुठला फोटो अधिक खरा, या वादात मी पडत नाही. निजामाच्या राज्याचं चित्र पुरं करायचं तर दोन्ही लागतात, एवढं नक्की.

दीनदयाळांचा शेवट घाईत झाला. १९०३ चा दिल्ली दरबार त्यांच्या स्टुडिओने टिपला. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला, आणि ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत ते स्वतः वारले. १९०८ च्या मुशीच्या महापुराने जुन्या हैदराबादचा मोठा भाग धुऊन नेला, १९११ मध्ये महबूब अली खान गेले, आणि फोटो काढणं हळूहळू कुणालाही परवडू लागलं. ज्ञानचंदांनी आणि पुढच्या पिढीने काचा सांभाळल्या. वजनदार, फुटणाऱ्या, बुरशी धरणाऱ्या काचा ऐंशी-पंचाऐंशी वर्षं घरात ठेवणं म्हणजे काय ते जुनं सामान सांभाळणाऱ्यालाच कळेल. १९८९ मध्ये त्यांतल्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. टपाल खात्याने २००६ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढलं. दीपाली दिवाण आणि डेबोरा हटन यांचं २०१३ चं इंग्रजी पुस्तक या विषयावरचं सगळ्यांत नेटकं काम आहे, ज्यांना जमेल त्यांनी मिळवून वाचावं.

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्याकडे देशमुख, देशपांडे, पाटील-पटवाऱ्यांच्या जुन्या घरांत, वकिलांच्या कपाटांत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो अजून निघतात. असा फोटो मिळाला तर आधी पुठ्ठ्याची मागची बाजू बघा. स्टुडिओचं नाव, शहर, मिळालेली पदकं, कधीकधी राजचिन्हं तिथे छापलेली असतात, आणि त्यावरून काळ ठरतो. मग पुढचा खालचा कोपरा भिंगाने बघा, आकडा असेल तर लिहून ठेवा. फोटो पुठ्ठ्यापासून सोडवू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, पुष्कळ चांगले फोटो त्यानेच गेले. फ्रेममधला असेल तर काचेला चिकटलेला कागद ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. दोन्ही बाजू स्कॅन करून मंडळाकडे पाठवा, मूळ प्रत घरीच ठेवा. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर आजच त्यांच्याजवळ बसून विचारा, या फोटोत उजवीकडून तिसरा कोण, मागे दिसतोय तो कुणाचा वाडा, आणि सारवलेल्या ओट्यावर बसलेली, मान वळवल्यामुळे पुसट झालेली ती बाई कोण.